बीए इंग्रजी : वर्गात नेमकं काय शिकवतात आणि पुढे वाट कुठं जाते?

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीपाशी एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "सर, स्पेशल कोणता घेऊ?" मराठी, इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र या विषयांची तोंडओळख शाळेपासून असते. इंग्रजीचं तसं नाही. काही पोरं घाबरून त्या बाजूला फिरकतच नाहीत. काहींना घरचेच तिकडं ढकलतात, कारण पोरगं फाडफाड इंग्रजी बोलेल आणि कुठंही चिकटेल असं त्यांना वाटतं. दोन्ही अंदाज फसतात, आणि ते कळेपर्यंत एखादं वर्ष निघून गेलेलं असतं.

बीए इंग्रजी हा मुळात वाचनाचा विषय आहे. कविता, नाटक, कादंबरी, समीक्षा आणि भाषेचं शास्त्र असा त्याचा पसारा. इंग्रजी बोलायला शिकवणारा तो क्लास नाही. हे एकदा नीट समजलं की घ्यायचा की नाही, हे ठरवणं सोपं जातं.

कंपल्सरी वेगळं, मेजर वेगळं

बीएच्या विद्यार्थ्याला थोडंफार इंग्रजी असतंच. पूर्वी त्याला 'कंपल्सरी इंग्लिश' म्हणायचे. त्यात काही धडे, थोडं व्याकरण, अर्जलेखन एवढंच यायचं. नव्या रचनेत भाषेच्या अशा पेपरांना 'एईसी' म्हणतात. पदवीचा मुख्य विषय म्हणून घेतलेलं इंग्रजी म्हणजे 'मेजर'. जुन्या भाषेत 'स्पेशल'.

हा फरक कागदावर बारीक दिसतो, पण पुढे महागात पडतो. "बीएला इंग्रजी होतं" असं सांगत एमएच्या प्रवेशाला गेलेल्या विद्यार्थ्याला तिथं कळतं की त्याच्या गुणपत्रिकेवरचं इंग्रजी कंपल्सरीचं होतं. बीएडला अध्यापनाचा विषय निवडतानाही पदवीला काय होतं ते बघतात. दुसऱ्या विषयातून बीए झालेल्यांना एमए इंग्रजीसाठी घ्यायचं की नाही, याचे नियम विद्यापीठागणिक वेगळे आहेत. म्हणून प्रवेश अर्जावर विषयापुढं 'मेजर' लिहिलंय की आणखी काही, ते सही करण्याआधी डोळ्यानं बघावं.

नवीन शैक्षणिक धोरणाची रचना राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली. तिच्यात पदवी तीन वर्षांचीही आहे आणि चार वर्षांचीही. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. मधेच बाहेर पडणाऱ्याला जादा क्रेडिटचं काम पूर्ण करावं लागतं, नुसतं निघून जाऊन कागद मिळत नाही. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय सारखेच शिकायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर ठरवायचा, अशी सोय आहे. इंग्रजीबाबत धाकधूक असलेल्या विद्यार्थ्यासाठी ही सोय कामाची. वर्षभर विषय चाखून बघता येतो.

चौथं वर्ष केलं तर पुढचं एमए एका वर्षात होतं. तीन वर्षांवर थांबलं तर एमए दोन वर्षांचं. एकूण वर्षं तेवढीच भरतात.

पुस्तकांत काय असतं?

बहुतेकांची समजूत अशी, की इंग्रजी साहित्य म्हणजे राजाराणी, बर्फ आणि डॅफोडिलची फुलं. ते आहेच. पण जो भाग गावाकडच्या विद्यार्थ्याला सगळ्यात जवळचा वाटू शकतो, त्याची चर्चा कमी होते.

थॉमस हार्डी हा इंग्रज कादंबरीकार घ्या. त्याची 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' ही कादंबरी १८८६ ची. नायक हेंचर्ड हा धान्याचा आणि गवताचा व्यापारी, गावचा नगराध्यक्षही. प्रतिस्पर्ध्याला बुडवायचं म्हणून तो यंदा पाऊस सुगी नासवणार असं धरून चालतो. हवामान सांगणाऱ्या एका माणसाकडे गुपचूप जाऊन विचारतो आणि उधारउसनवार करून भरमसाट धान्य भरून ठेवतो. मग ऊन पडतं, भाव कोसळतात आणि हेंचर्ड घाबरून सगळा माल तोट्यात काढतो. माल गेल्यावर कापणीच्या ऐन वेळी हवा परत फिरते. थोडे दिवस दम धरला असता तर तो वाचला असता. याच कादंबरीत हातानं बी फेकण्याऐवजी घोड्यानं ओढायचं पेरणीयंत्र बाजारात येतं आणि गाव ते बघायला जमतं. ज्या घरात सोयाबीन विकायचं की ठेवायचं यावर रात्री वाद होतो, त्या घरातल्या विद्यार्थ्याला ही गोष्ट प्राध्यापकानं वेगळी समजावून सांगायची गरज पडू नये.

किंवा चिनुआ अचेबे या नायजेरियन लेखकाची 'थिंग्ज फॉल अपार्ट', १९५८ ची. ती इंग्रजीतच लिहिलेली आहे, पण तिच्यात इंग्लंड नाही. सुरणासारख्या याम नावाच्या कंदाची शेती करणारं आफ्रिकेतलं गाव आहे. नायक ओकोंक्वो उमेदीच्या काळात बेणं दुसऱ्याकडून वाट्यानं आणतो आणि नेमकं त्याच वर्षी आधी पाऊस दडी मारतो, नंतर थांबता थांबत नाही. पीक हातचं जातं. त्या वर्षी एक शेतकरी झाडाला गळफास घेतो, हे अचेबे एका ओळीत सांगून पुढं जातो. विदर्भ-मराठवाड्यातल्या वर्गात ती ओळ वाचली जाते तेव्हा शब्दकोश काढावा लागत नाही.

महाराष्ट्रही या विषयात आहेच. पुरंदर तालुक्यातल्या जेजुरीवर अरुण कोलटकरांनी इंग्रजीत कविता लिहिल्या. 'जेजुरी' हा संग्रह १९७६ चा, आणि त्याला १९७७ चा राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. एसटीनं देवाला जाणारे लोक, पुजारी, पडकी देवळं, असं सगळं ओळखीचं त्यात आहे. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' आणि उर्मिला पवार यांचं 'आयदान' ही आत्मकथनं माया पंडित यांनी इंग्रजीत नेली, दया पवारांचं 'बलुतं' जेरी पिंटो यांनी नेलं. भारतातल्या आणि बाहेरच्या इंग्रजी विभागांत दलित साहित्य वाचलं जातं ते अशाच अनुवादांतून.

शेक्सपिअर टाळता येत नाही. त्याची चारशे वर्षांपूर्वीची भाषा सगळ्यांनाच जड जाते, इंग्रजी माध्यमातल्या पोरांनाही. पण मराठी विद्यार्थ्याकडे एक शिडी आहे. आगरकरांनी 'हॅम्लेट'चा 'विकारविलसित' १८८३ मध्येच केला, देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' केला, कुसुमाग्रजांनी 'मॅकबेथ'वरून 'राजमुकुट' लिहिला, विंदा करंदीकरांनी 'राजा लिअर' दिला. आधी मराठी वाचून मग मूळ उघडलं तर निम्मी भीती तिथंच जाते. यात कमीपणा नाही.

दुसरा भाग भाषाशास्त्राचा, आणि तो बऱ्याच जणांना अनपेक्षितपणे आवडतो. इंग्रजी लिपीत स्वरांची अक्षरं पाच, पण प्रमाण ब्रिटिश उच्चारात स्वरध्वनी वीस आणि व्यंजनं चोवीस. स्पेलिंग आणि उच्चार यांचं का जुळत नाही, हे शाळेत कुणी सांगितलेलं नसतं. इथं त्याचं कारण कळतं. ध्वनिलिपी शिकली की शब्दकोशातून कुठलाही उच्चार स्वतः काढता येतो. जिल्ह्याच्या ठिकाणी क्लासला जाण्यापेक्षा हे कौशल्य स्वस्त आणि टिकाऊ.

समीक्षेचा पेपर मात्र कोरडा वाटतो. ॲरिस्टॉटलपासून सुरुवात होते आणि संज्ञा पाठ करण्यावर भर येतो. तो कसा जातो हे शिकवणाऱ्यावर फार अवलंबून आहे.

बोलता येईल का?

आपोआप नाही. परीक्षा मुख्यतः लेखी असते. ग्रामीण कॉलेजात शेक्सपिअरसुद्धा मराठीतून समजावून सांगतात, आणि पहिल्या वर्षी ते योग्यही आहे, नाहीतर अर्धा वर्ग मागं राहील. पण तिसऱ्या वर्षापर्यंत तेच चालू राहिलं तर पदवी हातात येते आणि मुलाखतीत चार वाक्यं बोलताना घाम फुटतो.

बोलणं सुधारतं ते बोलूनच. वर्गात सेमिनार असला तर नंबर लागण्याची वाट न बघता नाव द्यावं. दोन-तीन मित्रांनी मिळून रोज अर्धा तास इंग्रजीतच बोलायचं ठरवलं, तर महिन्याभरात लाज जाते, मग चुका कमी व्हायला लागतात. मोठ्यानं वाचन हा आणखी एक जुना उपाय. शेतात, गच्चीवर, जिथं कुणी हसणार नाही तिथं.

गाईडचं दुखणं

या विषयाचं खरं नुकसान इथं होतं. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात नोट्स मिळतात, गाईडं मिळतात, कादंबरीचा सारांश यूट्यूबवर वीस मिनिटांत मिळतो. त्यावर पास होता येतं, चांगले गुणही पडतात. तीन वर्षांत एकही कादंबरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत न वाचता बीए इंग्रजी झालेले विद्यार्थी आहेत.

त्याचा हिशेब पुढं होतो. नेट-सेटच्या परीक्षेत प्रश्न वस्तुनिष्ठ असतात आणि ते हजारभर वर्षांच्या साहित्यावर असतात. तिथं पाठ केलेल्या दहा उत्तरांचा उपयोग नाही. अनुवादाच्या कामात समोर येणारं वाक्य कुठल्याच गाईडात नसतं. आणि ज्यासाठी हा विषय घ्यायचा ती गोष्ट, म्हणजे अवघड इंग्रजी मजकूर स्वतः वाचून त्याचा अर्थ लावता येणं, तीच राहून जाते. बँकेचा करार, कोर्टाचा निकाल, विम्याच्या अटी, औषधाच्या खोक्यातला कागद हे वाचून घरच्यांना सांगू शकणारा माणूस गावात किती उपयोगी पडतो, ते वेगळं सांगायला नको.

सुरुवात सोप्या पुस्तकानं करावी. जॉर्ज ऑर्वेलचं 'ॲनिमल फार्म' शंभरेक पानांचं, भाषा साधी आणि गोष्ट शेतावरच्या जनावरांची. मालकाला हाकलून जनावरं शेत चालवायला घेतात आणि मग डुकरंच मालक होतात. राजकारण बघत मोठं झालेल्या कुणालाही ते समजतं. हेमिंग्वेचं 'द ओल्ड मॅन अँड द सी' त्यानंतर. एका पानावर दहा शब्द अडले तरी थांबू नये. दोन-तीन शब्द बघावेत, बाकी संदर्भानं सोडवावेत. पन्नास पानांनंतर वेग येतो.

कॉलेजात जाऊन काय विचारायचं?

नॅकची श्रेणी सगळेच विचारतात. इंग्रजीपुरतं त्याहून महत्त्वाचं म्हणजे विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती. सीएचबीवरचे प्राध्यापक कमी शिकवतात असं अजिबात नाही, कित्येकदा तेच जीव तोडून शिकवतात. पण त्यांची नेमणूक दरवर्षी नव्यानं होते आणि कधीकधी सत्र सुरू होऊन महिने गेल्यावर होते. तोवर तास रिकामे.

दुसरं, मेजर इंग्रजीला मागच्या वर्षी किती विद्यार्थी होते. फारच कमी असले तर तो विषय पुढच्या वर्षी चालू राहील का, हे स्पष्ट विचारावं. तिसऱ्या वर्षाला कॉलेज बदलायची वेळ आली तर हाल होतात. तिसरं, ग्रंथालयात मूळ पुस्तकं आहेत की नुसती गाईडं. कपाटासमोर उभं राहिलं की पाच मिनिटांत कळतं.

साध्या बीएला राज्यात सीईटी लागत नाही, कॉलेजात बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, कुठल्याही शाखेची बारावी चालते. बाहेर जायची तयारी असेल तर हैदराबादचं इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ, म्हणजे इफ्लू, हे केंद्रीय विद्यापीठ याच विषयासाठी ओळखलं जातं. दिल्ली विद्यापीठही आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही परीक्षा द्यावी लागते आणि तिचे अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरून संपतात. दरवर्षी ग्रामीण भागातली हुशार पोरं इथंच चुकतात. निकाल लागल्यावर चौकशीला गेलं तर उशीर झालेला असतो.

शिक्षक व्हायचं असेल तर

इंग्रजी घेणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात हाच विचार असतो. रस्ता लांब आहे, त्याचे टप्पे आधीच माहीत असलेले बरे.

शाळेसाठी पदवीनंतर बीएड, दोन वर्षं. त्यासाठी राज्याची सीईटी. इंग्रजी माध्यमाच्या बीएड कॉलेजात जायचं तर ईएलसीटी ही इंग्रजीची वेगळी चाचणी असते आणि मराठी माध्यमातून आलेल्यांनी ती आवर्जून द्यावी, पर्याय वाढतात. पहिली ते आठवीला शिकवण्यासाठी टीईटी पात्रता लागते, पाचवीपर्यंत पेपर एक आणि सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. त्यानंतर टेट, म्हणजे २०० गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, आणि तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलमधून भरती. टीईटी आणि टेट ही नावं सारखी वाटतात, पण परीक्षा वेगळ्या. पहिली पात्रतेची, दुसरी निवडीची. अकरावी-बारावीला शिकवायचं तर एमए आणि बीएड दोन्ही हवं.

कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर एमएला ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५० टक्के, आणि नेट किंवा सेट. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट आहे, पीएचडी ऐच्छिक. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नेटमध्ये वर आलेल्यांना जेआरएफ मिळते, दरमहा ३७ हजार रुपये पहिली दोन वर्षं, पण तिला वयाची अट आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या संशोधन शिष्यवृत्त्याही आहेत, आपापल्या प्रवर्गानुसार.

इथपर्यंत सगळं अभ्यासावर अवलंबून. पुढचं नाही. सेट-नेट झालेले, पीएचडी झालेले कित्येक जण वर्षानुवर्षं सीएचबीवर तासाच्या हिशेबानं काम करतायत. सुट्टीच्या महिन्यांत हातात काही पडत नाही. लग्न ठरवताना "परमनंट आहे का?" या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसतं. कायम पदांच्या जाहिराती तुरळक येतात, आणि खासगी संस्थांतल्या भरतीबद्दल गावोगाव काय बोललं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेत विकून एमए-पीएचडी करण्याआधी आईबापांनी ही बाजू नीट ऐकावी. विषय चांगला आहे, पण प्राध्यापकीची एकच वाट धरून बसणं धोक्याचं आहे.

शिकवण्याबाहेरच्या वाटा

बीए झालेल्या कुणालाही स्पर्धा परीक्षा देता येतात, इंग्रजीवाल्याला त्यात थोडा हात मिळतो. बँकांच्या आयबीपीएस पूर्व परीक्षेत १०० पैकी ३० गुण इंग्रजीला असतात. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतही इंग्रजीचा स्वतंत्र भाग आहे, पहिल्या टप्प्यात २५ प्रश्न, दुसऱ्यात ४५. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत इंग्रजी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो. गणित मात्र सुटत नाही. इंग्रजी पक्कं आणि गणित कच्चं, अशानं बँकेच्या परीक्षेत अडकलेले पुष्कळ.

अनुवादाची वाट कमी लोकांना माहीत आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयांत हिंदी-इंग्रजी अनुवादकांची पदं असतात. त्यासाठी हिंदी किंवा इंग्रजीत एमए आणि पदवीला दुसरी भाषा असावी लागते. म्हणून मेजर इंग्रजीसोबत मायनर हिंदी ठेवणाऱ्याला पुढे हे एक दार उघडं राहतं, आणि हे पहिल्या-दुसऱ्या वर्षीच ठरवावं लागतं. राज्य सरकारच्या भाषा संचालनालयातही मराठी-इंग्रजी अनुवादाचं काम चालतं. खासगी कामात आता यंत्र साधा अनुवाद क्षणात करून देतं, त्यामुळं पानामागं पैसे देणारं हलकं काम घटत चाललंय. यंत्रानं केलेल्या चुका पकडणारा माणूस लागतो, पण त्याला दोन्ही भाषा मुळातून याव्या लागतात. कच्च्या मराठीवर इथं भागत नाही.

वकिली ही या विषयाला सगळ्यात नीट जुळणारी वाट म्हणता येईल. बीएनंतर तीन वर्षांचं एलएलबी, सीईटी देऊन. तालुका कोर्टात मराठी चालते, पण राज्यघटनेच्या कलम ३४८ नुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत होतं. जमिनीचा वाद अपिलात गेला की पक्षकाराला आपल्याच केसचे कागद वाचता येत नाहीत. जो वकील इंग्रजीत नेमका अर्ज लिहितो आणि मराठीत अशिलाला समजावून सांगतो, त्याच्याकडं माणसं येतात. लांबलचक वाक्याचा अर्थ लावायची सवय साहित्याच्या वर्गात लागलेली असते, ती इथं कामी येते.

पत्रकारिता, ग्रंथालयशास्त्र, पर्यटन या वाटाही आहेत. त्यांना पदवीवर आणखी एखादा अभ्यासक्रम लागतो.

हा विषय आपला आहे का?

अधूनमधून कुणीतरी म्हणतं, परक्यांचं साहित्य कशाला शिकायचं? प्रश्न जुना आहे. गंमत म्हणजे ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पदवी विभाग १८९४ मध्ये आला. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, आणि त्याच्याही आधीपासून भारतातल्या कॉलेजांत शेक्सपिअर-मिल्टन शिकवत होते. राज्य करणाऱ्यांनी ते आपल्या सोयीनं आणलं, यावर गौरी विश्वनाथन यांचं 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' हे १९८९ चं पुस्तक प्रसिद्ध आहे. पण शिकणाऱ्यांनी त्याचा उपयोग आपल्या सोयीनं केला. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या 'काव्यफुले' संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो ज्यांना संस्कृतची पाठशाळा बंद होती त्यांच्यासाठी.

मराठीतले कितीतरी मोठे लेखक पोटापाण्यासाठी इंग्रजीच शिकवत होते. जी. ए. कुलकर्णी धारवाडला, विंदा करंदीकर मुंबईत. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्यांनी धुळे, औरंगाबाद, लंडन, गोवा अशा ठिकाणी शिकवलं आणि देशीवादाची मांडणीही केली. इंग्रजी शिकल्यानं मराठी सुटते, असं निदान या यादीवरून तरी दिसत नाही.

मोबाईलवर काय मिळतं, आणि पैशाचं काय?

पुस्तकांवर फार खर्च येऊ नये. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक कॉपीराइटमुक्त होतं, म्हणजे शेक्सपिअर, डिकन्स, हार्डी, ऑर्वेल सगळे आले. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर अशी हजारो पुस्तकं फुकट आहेत. नुसता मजकूर असल्यानं डेटा फार जात नाही. लिब्रीव्हॉक्सवर हीच पुस्तकं वाचून दाखवलेली ऐकता येतात. मात्र तिथं स्वयंसेवक वाचतात, त्यामुळं उच्चार एकसारखे नसतात. इग्नूची बीए आणि एमए इंग्रजीची पुस्तकं ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर कुणालाही उतरवून घेता येतात. त्या विद्यापीठाचा विद्यार्थी असण्याची अट नाही. एमए आणि नेटवाल्यांसाठी ई-पीजी पाठशाला आहे.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं आणि रेशनकार्ड तयार ठेवावं. उत्पन्नाचा दाखला जूनमध्ये काढायला गेलं तर सेतू केंद्रात रांग असते, तो मे महिन्यातच काढलेला बरा. अर्ज भरून काम संपत नाही. कॉलेजच्या क्लार्कनं तो ऑनलाइन पुढं पाठवला का, हे पंधरा दिवसांनी लॉगिन करून बघावं.

घरचं काम किंवा संसार सांभाळून शिकायचं असेल तर इग्नू आहे, आणि पुणे, मुंबई, शिवाजी या विद्यापीठांची दूरशिक्षण केंद्रंही आहेत. यूजीसीची मान्यता असलेल्या दूरशिक्षणाची पदवी नोकरी आणि एमएसाठी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात. 'घरबसल्या एका वर्षात बीए' अशी जाहिरात दिसली तर मात्र पैसे भरण्याआधी त्या संस्थेचं नाव यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का, ते मोबाईलवरच तपासता येतं. बोगस विद्यापीठांची यादीही यूजीसीच्या संकेतस्थळावर असते.